पाणी, चादरी आणि दहा पाहुणे : पिएमोन्तेतल्या एका आग्रितुरिझ्मोचं २०२२ साल

पार्श्वभूमी

इटलीच्या वायव्येला पिएमोन्ते आणि लिगुरिया हे प्रदेश जिथे एकमेकांना भिडतात, तिथे ओवाडा नावाचं बाजारगाव आहे. आजूबाजूला द्राक्षांच्या टेकड्या, त्यामागे जंगल, आणि डोंगर उतरून गेलं की जेनोव्हाचा समुद्र. इथली दोल्चेत्तो जातीची द्राक्षं आणि त्यांची वाइन प्रसिद्ध आहे. शनिवार-रविवारी जेनोव्हा आणि तोरिनोहून माणसं इथे पायी फिरायला, सायकली घेऊन रानवाटा तुडवायला, शरद ऋतूत अळंबी गोळा करायला येतात. हे प्रकरण त्या टेकड्यांवरच्या एका आग्रितुरिझ्मोचं, म्हणजे पाहुणे ठेवणाऱ्या शेतघराचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही, आणि काही तपशील बदलले आहेत. त्या घराचे हिशेब आणि बुकिंगचं वेळापत्रक पाहण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे बरंचसं समोर घडताना पाहिलं.

घरात चार माणसं. पन्नाशीची मालकीण, बाग सांभाळणारा तिचा नवरा, ऐंशी पार केलेली सासू, आणि शिक्षणासाठी तोरिनोला राहणारी मुलगी, जी सुट्टीत हाताखाली येते. चार हेक्टर द्राक्षबाग, थोडी हेझलनटची झाडं, परसातली भाजी, कोंबड्या आणि घरापुरती चार-पाच डुकरं. पाहुण्यांसाठी सहा खोल्या, चौदा खाटा. सकाळचा नाश्ता रोजचा, रात्रीचं जेवणही रोजचं. २०१५ च्या सुमारास अंगणापलीकडे पोहण्याचा तलाव बांधला, कारण तलाव नसलेलं घर बुकिंगच्या पोर्टलवर कुणी उघडूनही बघत नाही, असं सगळे सांगत होते.

इटलीत आग्रितुरिझ्मो म्हणजे गावातलं कुठलंही गेस्टहाऊस नव्हे. १९८५ साली त्यासाठी पहिला राष्ट्रीय कायदा झाला आणि त्याच्या जागी २००६ चा ९६ क्रमांकाचा कायदा आला. त्याचा गाभा असा : शेती मुख्य, पाहुणे तिच्या आधाराने. मुख्य काय हे ठरवताना शेतीला किती वेळ जातो आणि पाहुण्यांना किती, हे पाहिलं जातं. ताटातही घरचा आणि परिसरातल्या शेतांचा माल ठळक प्रमाणात असावा लागतो. बारीकसारीक नियम ज्या त्या प्रदेशाचे. महाराष्ट्राने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामागचा विचारही असाच आहे; आपल्याकडे ज्यांनी शेतावर खोल्या बांधल्यात त्यांना हा पेच नवा वाटणार नाही.

त्या कायद्यात एक कलम आहे, जे पुढे कामाला आलं. राहणारे-जेवणारे पाहुणे दहापेक्षा जास्त नसतील, तर शेतीच मुख्य आहे असं धरूनच चालतात. तासांचा हिशेब मांडत बसावं लागत नाही. चौदा खाटांच्या घराला ती सवलत नव्हती, आणि तोवर कुणाला तिची गरजही वाटली नव्हती.

अडचण

२०२२ चा जानेवारी. ओवाडाच्या जवळ जंगलात एक रानडुक्कर मेलेलं सापडलं आणि तपासणीत आफ्रिकन स्वाइन फीवर निघाला. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकराला झाला तर ते बहुधा वाचत नाही, आणि माणसाच्या बुटांना लागलेल्या चिखलातूनही तो पसरतो. आठवड्याभरात सरकारी आदेश निघाला. पिएमोन्ते आणि लिगुरियातली ११४ गावं बाधित क्षेत्र ठरली. रानात फिरणं, सायकल, शिकार, अळंबी आणि ट्रफल (जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी) गोळा करणं, सगळं बंद. ज्यासाठी माणसं या टेकड्यांवर येतात, नेमकं तेच. घरगुती डुकरंही संपवायची होती. या घरची डुकरं गेली, आणि त्यांच्याबरोबर ताटातली घरची सलामी (डुकराच्या मांसाचं वाळवलेलं सॉसेज) गेली. सासूबाई पन्नास-साठ वर्षं दर हिवाळ्यात ती स्वतःच्या हाताने भरत आल्या होत्या.

पाऊस नव्हताच. हिवाळा कोरडा गेला, डोंगरावर बर्फ नावाला पडला. ४ जुलैला केंद्र सरकारने उत्तरेकडच्या पाच प्रदेशांत दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर केली, त्यात पिएमोन्ते होतं. गावोगावच्या महापौरांनी नळाचं पाणी बागेला किंवा तलावाला वापरायला मनाई केली.

या घराची व्यवस्था अशी होती : पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी नळाचं, बाकी सगळं विहिरीवर. आंघोळी, संडास, धुणं, भाजी, तलाव. दरवर्षी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेत, पण विहीर दिवसाला किती पाणी देते हे कुणीच कधी मोजलं नव्हतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पंप हवा ओढू लागला.

आणि त्याच वेळी नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी लावलेल्या आठशे वेली माना टाकायला लागल्या. जुन्या दोल्चेत्तोची मुळं खोल जातात, तिला सहसा पाणी द्यावं लागत नाही. कोवळ्या वेलीला अशा उन्हाळ्यात हाताने पाणी घातलं नाही तर ती जाते.

अडचण पाण्याची दिसत होती, पण घरात शिरल्यावर दुसरीच समोर यायची. जुलैतली एक सकाळ सांगते. साडेदहा वाजले होते. तीन खोल्या नुकत्याच रिकाम्या झालेल्या, तीन संध्याकाळी भरायच्या. जिन्याखाली चादरी, उशांचे अभ्रे, मोठे टॉवेल यांचा कंबरेएवढा ढीग. एक मशीन चालू, दुसरं लावलं, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी केस वाळवायचं यंत्र सुरू केलं. मेन ट्रिप झाला. मालकीण ओल्या हातांनी स्विचबोर्डाकडे धावली, तर गॅसवरची कॉफी उतू गेली. दारात एक जर्मन जोडपं सामान घेऊन उभं, त्यांना दुपारनंतर यायला सांगितलेलं. त्यांचे पासपोर्ट तिने टेबलावर ठेवून घेतले, कारण प्रत्येक पाहुण्याची माहिती आल्यापासून चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर भरावीच लागते. मुक्काम एका दिवसाहून कमी असेल तर सहा तासांत. नवरा बागेतून फोन करत होता. तिने घेतला नाही.

तिच्याबरोबर बसून आम्ही त्या आठवड्याचा हिशेब मांडला. सहा खोल्या, बहुतेक मुक्काम एका रात्रीचे. म्हणजे आठवड्यात जवळपास तीस वेळा खोली बदलते. प्रत्येक बदलाला झाडलोट, न्हाणीघर, धुणं, इस्त्री, नोंदणी, किल्ली, रस्ता चुकलेल्यांना फोनवरून वाट सांगणं, असे दोन तास धरले तरी साठ तास. नाश्ता आणि रात्रीचं जेवण यांत धरलेलं नाही. ती एकटी.

समोरचे पर्याय

नवऱ्याचं मत टँकर मागवावा. आहे ते तसंच चालू राहील, पाहुण्यांना काही कळणार नाही. पण सगळ्यांनाच टँकर हवा होता, वेळेवर येण्याची खात्री नव्हती, आणि तलावात टँकरचं पाणी ओतायचं आणि शेजाऱ्याच्या गाई तहानलेल्या, हे मालकिणीला पटेना. गाव लहान. रस्त्यावरून टँकर वर चढताना सगळे बघतात.

दुसरा विचार नवीन बोअरचा. या टेकड्या मार्ल (चुनामिश्रित माती) आणि चिकणमातीच्या, खोल गेलं तरी पाणी लागेलच असं नाही. परवानगीलाही वेळ लागणार. त्या उन्हाळ्यापुरता तो पर्याय संपल्यातच जमा होता.

मुलीने फोनवरून सुचवलं की ऑगस्टभर बंदच ठेवा. हे ऐकायला टोकाचं वाटलं तरी मला ते वेडेपणाचं वाटलं नव्हतं. पण १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या आठवड्यात अख्खी इटली सुट्टीवर असते. जानेवारी-मार्चची कमाई बुडालेल्या घराला तोच आठवडा सोडणं परवडलं नसतं.

चौथा पर्याय कुणी बोलून दाखवत नव्हतं : खाटा कमी करणं. वर्षानुवर्षं एकेक खोली वाढवत नेलेल्या घरात तो पराभवासारखा वाटत होता. आम्ही तो कागदावर उतरवला तेव्हा त्याचं वजन कळलं.

आधी नवऱ्याने विहिरीत दोरी सोडून, रात्रभर पंप बंद ठेवून, सकाळी किती चढतं ते चार-पाच दिवस पाहिलं. दिवसाला साधारण २,००० लिटर. खर्चाची बाजू : चौदा माणसांना प्रत्येकी १४० लिटर धरले तर तेवढ्यातच २,००० होतात. धुण्याला ३००. भाजीला ३००. तलाव पन्नास चौरस मीटरचा. कडक उन्हात आणि वाऱ्यात दिवसाला सात मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर ३५० लिटर नुसतं हवेत जात होतं. आठशे वेलींना दहा दिवसांतून एकदा प्रत्येकी दहा लिटर म्हणजे रोजचे ८०० लिटर.

तलाव बंद आणि चार पाहुणे कमी, यातून ९०० लिटर सुटत होते. वेलींपुरतं पाणी समोर दिसत होतं. विहीर एवढ्यानेही पूर्ण भागत नव्हती, पण फरक टँकरच्या आवाक्यात आला.

सासूबाई हे सगळं शेंगा निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पाहुणा पुढच्या वर्षी दुसरा येईल. वेल मेली तर नव्या वेलीला फळ धरायला तीन वर्षं. तेव्हा मी असेन की नाही कोण जाणे." त्यावर कुणी काही बोललं नाही, पण नवऱ्याने टँकरचा आग्रह तिथे सोडला.

काय केलं

सगळे निर्णय एकाच दिवशी झाले नाहीत. जानेवारीतला पहिला निर्णय मालकिणीने एकटीने घेतला होता : फिरायला बंदी आल्यावर ज्यांनी बुकिंग केलं होतं, त्या सगळ्यांना तिने स्वतः फोन केला, परिस्थिती सांगितली आणि मागेल त्याला पैसे परत केले. नियमाप्रमाणे काहींचे पैसे ठेवून घेता आले असते. त्यावरून घरात वाद झाला. मला आजही तिचंच बरोबर वाटतं. बंद जंगलाच्या कडेला बसवून ठेवलेला पाहुणा समाधानाने परत जात नाही.

जुलैत मात्र चौघांनी मिळून ठरवलं. दोन लहान खोल्या बंद. दहाच पाहुणे. तलावाला पाणी घालणं थांबवायचं आणि आच्छादन टाकायचं. शॉवरला पाणी कमी सोडणारे नळ बसवायचे. भाजीपैकी टोमॅटो आणि भोपळा ठेवायचा, बाकीचं जाऊ द्यायचं. आणि नवं बुकिंग किमान तीन रात्रींचं.

ही तीन रात्रींची अट सगळ्यात जड गेली. अट घातली की पोर्टलवरच्या एका रात्रीच्या शोधांत घर दिसतच नाही, आणि रिव्हिएराला, म्हणजे लिगुरियाच्या समुद्रकिनाऱ्याला, जाता-येता थांबणारी माणसं या घराचा मोठा आधार होती. पाण्याच्या हिशेबात या अटीने फारसा फरक पडत नव्हता, दिवसाला फार तर दोनशे लिटर. तिची गरज कामाचे तास वाचवण्यासाठी होती. मालकीण हे लगेच समजली. नवऱ्याला समजायला दोन आठवडे लागले, कारण चादरींचा ढीग त्याला कधी दिसतच नव्हता. तो पहाटे बागेत जायचा आणि परत यायचा तोवर ढीग दोरीवर गेलेला असायचा.

तलाव पाहून बुकिंग केलेल्यांना काय सांगायचं, यावर बराच खल झाला. नवऱ्याचं म्हणणं, येऊ द्या, आल्यावर सांगू. मालकिणीने पुन्हा एकेकाला फोन केला. भाड्यात सूट, नाहीतर पैसे परत. नदीवर जा म्हणावं तर ओर्बाचं पात्रही उघडं पडलेलं. तिने कुणाला खोटी आशा दाखवली नाही. काहींनी रद्द केलं. एका डच कुटुंबातल्या आईने विचारलं, "मग मुलांनी दिवसभर करायचं काय?" मालकीण म्हणाली, "कोंबड्यांना दाणे घालायचे, संध्याकाळी माझ्याबरोबर राव्हिओली वळायच्या." ते आले.

रात्रीचं जेवण रोजच्या ऐवजी आठवड्यातून चार दिवस. घरची सलामी नव्हती, तेव्हा ताट नव्याने जुळवावं लागलं : शेजारच्या खोऱ्यातलं शेळीच्या दुधाचं रोबिओला चीज, चण्याच्या पिठाची फारिनाता, जी इथे जेनोव्हाच्या शेजारामुळे घरोघरी होते, घरची अंडी, टोमॅटो, शेवटी हेझलनटचा केक. तिने दुकानातून सलामी आणली नाही. कायद्याने बाहेरचा थोडा माल चालतो, पण पाहुणे "घरची ना?" असं विचारणार, आणि त्यावर तिला नाही म्हणायचं नव्हतं.

काय झालं

आठशेपैकी बहुतेक वेली जगल्या. खालच्या उतारावरची एक ओळ गेली.

टँकर ऑगस्टमध्ये मोजक्या वेळा आला. जुलै-ऑगस्टची पाहुण्यांची मिळकत आदल्या वर्षीपेक्षा साहजिकच घटली, पण भीती होती तेवढी नाही : चार खाटा गेल्या, पण तीन रात्रींच्या मुक्कामामुळे मधले रिकामे दिवस कमी झाले, आणि धुण्याला हंगामी बाई लावायची होती ती लावावी लागली नाही. पोर्टलवरचं स्थान मात्र खरोखर घसरलं आणि ते परत यायला पुढचा हंगाम गेला. जानेवारीत पैसे परत घेतलेल्यांपैकी थोडे जण शरदात आले. बरेचसे आले नाहीत.

उन्हामुळे द्राक्षं लवकर पिकली, तोडणी ऑगस्टच्या अखेरीसच सुरू करावी लागली. जुन्या व्यवस्थेत तो आठवडा पाहुण्यांनी गच्च असायचा आणि मालकीण बागेत पायही ठेवू शकायची नाही. त्या वर्षी ती रोज सकाळी दहापर्यंत कात्री घेऊन ओळीत होती. पाहुण्यांपैकी काहींना द्राक्षं तोडायची फार हौस. त्यांना प्रेमाने नाही म्हणावं लागतं. नोंद नसलेल्या माणसाला बागेत कामाला लावलेलं तपासणीत सापडलं तर दंड होतो, आणि "ते हौसेने करत होते" हे कुणी ऐकून घेत नाही. त्यांना बांधावर खुर्च्या टाकून दिल्या.

हिवाळ्यात खर्च दुसऱ्या बाजूने वाढला. विजेचे आणि पेलेटचे (शेगडीत जाळायच्या लाकूडभुशाच्या गोळ्यांचे) दर चढले होते, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी घर बंद ठेवायचं ठरलं. यावर फार चर्चा झाली नाही, दगडी भिंतींच्या चार खोल्या तापवायचा हिशेबच बसत नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पाऊस साठवण्याचा विचार आधी व्हायला हवा होता. अंगणाखाली जुनी टाकी आहे, सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तिच्यातलंच पाणी भरत. नळ आल्यावर ती विसरली गेली आणि तलाव बांधताना तिच्यात राडारोडा लोटला. छप्पर ३०० चौरस मीटरचं. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला तरी १,८०,००० लिटर पाणी त्या छपरावरून वाहून जातं. सगळं साठवता येणार नाही, पण तलावाला जेवढा पैसा लागला त्याच्या लहानशा भागात ती टाकी दुरुस्त झाली असती. २०२२-२३ च्या हिवाळ्यात नवऱ्याने ती उपसायला घेतली.

विहीर मोजणं हे दुसरं. दोरी, खूण आणि वही, याला खर्च नाही. मे महिन्यात मोजली असती तर तलावाबद्दल पाहुण्यांना दोन महिने आधी सांगता आलं असतं, आणि सूट देण्याऐवजी सरळ वेगळा दर लावता आला असता.

तीन रात्रींची अट जरा लवचीक ठेवायला हवी होती असं माझं मत आहे. सप्टेंबरमध्ये, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, दोन रात्रींनी भागलं असतं. पोर्टलवरचं नुकसानही कमी झालं असतं. मालकीण हे मानत नाही. तिच्या मते अट एकदा सैल केली की पुढच्या ऑगस्टपर्यंत ती उरत नाही, आणि चादरी तिला धुवायच्या असतात, मला नाही.

दहा पाहुण्यांची मर्यादा त्यांनी पुढेही ठेवली. तासांच्या नोंदींची कटकट गेली. बंद केलेल्या दोन खोल्यांपैकी एकीत आता इस्त्रीचं टेबल आणि कपाटं आहेत, दुसरी मुलीची. मुलगी शिक्षण संपवून परतली तर पुन्हा चौदा खाटा करायच्या का, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत नाही. डुकरं परत आणायची का, हाही प्रश्न तसाच आहे. रोग रानडुकरांत टिकून आहे, आणि दुहेरी कुंपण, कपडे-बूट बदलायची जागा असा सगळा खर्च चार डुकरांसाठी करावा का, याचा हिशेब मी त्यांना करून द्यायचा आहे.